शेवग्यापासून भिंतीपर्यंत

३१ ऑगस्ट, रविवार

आज सकाळी सुवर्णाचा पाय न्हाणीघरात फावड्यावर पडला. लागलं नाही, पण तिने फावडा उचलून माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. मी पोहे खात होतो. "एक तर हा इथे राहील, नाहीतर मी," ती म्हणाली. फावडा, कुदळ, दोन खुरपी, झारी, शेणखताची गोणी हे सगळं अण्णांचं. गेल्या आठ महिन्यांत मागच्या अंगणात त्यांनी वांगी, मिरच्या, अळू आणि कारल्याचा वेल लावला. सामान मात्र घरभर फिरत असतं.

अण्णा जेवताना म्हणाले, "भाऊबीज व्हयी गई का मी गावले जास. बळीरामकडे. कायमना." बळीराम म्हणजे माझे काका.

ते मोठ्याने बोलतात. एक्केचाळीस वर्षं सुरतला उधन्याच्या लूमच्या खात्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा म्हणजे कान मागाला लावावा लागतो, त्यात कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून मात्र त्यांना सगळं समजतं, अगदी गल्लीच्या टोकावरून. पण आज त्यांचा आवाज कुठेच चढला नाही. "आठे दिन सरत नई," एवढंच म्हणाले आणि नातीला, मयुरीला, २६ ऑक्टोबरचं अमळनेरचं तिकीट काढायला सांगितलं. तिने मोबाइलवर दोन मिनिटांत काढलंही. खिडकीची जागा मिळाली म्हणून तिला आनंद झाला. मग माझं तोंड पाहून तिने मोबाइल पालथा ठेवला.

मी "जाऊ नका" म्हणालो नाही. आई गेल्यावर त्यांना चाळीतल्या खोलीतून इथे गोडादऱ्याला आणलं, ते माझ्या मनाने. आता थांबवायचं तेही माझ्याच मनाने? थांबवणं त्यांच्यासाठी असेल की माझ्यासाठी, हे नक्की झाल्याशिवाय तोंड उघडणं बरोबर नाही.

पण इथे त्यांचा दिवस का सरत नसेल, याचा विचार दिवसभर केला. इतकी वर्षं कानाशी खडखडाट. त्यांना शांतता हवी असणार. आधी ते पुढच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. तिथे रिक्षा, टेंपो, पोरांचा गलका. म्हणून मार्चमध्ये मीच खुर्ची मागच्या अंगणात नेली. तिथेही आता अडगळ झाली आहे. मागे एक पत्र्याची छोटी खोली केली तर? सामानही राहील आणि अण्णांना निवांत बसायला जागा होईल.

सुवर्णाला सांगितलं. ती म्हणाली, "करा. पण फावडा उद्यापासून तुमच्या कपाटात."

२ सप्टेंबर, मंगळवार

फावडा कपाटात आहे. इस्त्रीच्या शर्टांना मातीचा वास येतो.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज निवड करायला बसलो.

मयुरीने मोबाइलवर प्लॅस्टिकच्या तयार खोल्या दाखवल्या. चित्रात एक गोरी बाई टोपी घालून फुलांना पाणी घालत होती. मी सगळे अभिप्राय वाचून काढले, दोनशे बारा होते. एकाने लिहिलं होतं, उन्हाळ्यात दार आकसतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, पसरतं. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा याचा मी तासभर विचार केला.

"पप्पा, जवा दो ने," मयुरी म्हणाली. "सोडा ना आता. लोक खोली घेतात, तुम्ही शोधनिबंध लिहिता."

विटांची खोली पक्की होईल, पण शेवग्याच्या मुळांना धक्का लागेल. शेवटी पत्र्याची ठरली. अँगलचा सांगाडा, वर रंगीत पत्रा. उधन्याला चेतनभाई म्हणून फॅब्रिकेशनवाले आहेत. मी कामाला आहे त्या मिलच्या जाळ्या त्यांनीच केल्या. सांगाडा त्यांच्याकडे जोडून टेंपोने येईल. रंगावरून सुवर्णा निळा म्हणाली, मयुरी राखाडी. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "कोनता बी लाव. लांबथीन दिसाले पाहिजे."

अंगणात मागे कोपऱ्यातली खोली लांबून कोणाला दिसणार? पण त्यांचं मन राखायला केशरी ठरवला. सुवर्णा म्हणाली, हा रंग नारळ फोडायच्या जागेला शोभेल.

१० सप्टेंबर, बुधवार

वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारून आलो, की अंगणात अशी खोली ठेवायला परवानगी लागते का. तिथल्या भाईंनी चष्मा काढला. "पत्र्याची, उचलून नेता येणारी? असं विचारायला आजपर्यंत कोणी आलं नाही," म्हणाले. मग शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावून मला दाखवलं. चहा पाजला. मन हलकं झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

माप घेतलं. बाजूच्या गल्लीकडच्या कुंपणाच्या भिंतीपासून शेवग्याच्या बुंध्यापर्यंत बरोबर शंभर इंच. तीन वेळा मोजलं. टेपचं एक टोक अण्णांनी धरलं होतं. त्यांना इंच फार नीट समजतात. कापड आयुष्यभर इंचांतच पाहिलं.

खोली अशी ठरली: लांबी शहाण्णव इंच, रुंदी बहात्तर, उंची चौऱ्याऐंशी. लांबी भिंतीपासून शेवग्याकडे. मधे चार इंच मोकळे. दार लांब बाजूला, घराकडे तोंड करून.

अण्णा म्हणाले, "दरवाजा फाटककडे ठेव ना."

कुंपणाच्या भिंतीत बाजूच्या गल्लीकडे एक जुनं लोखंडी फाटक आहे. आम्ही आलो तेव्हापासून ते गंजून बंद, वर कारल्याचा वेल. मी अण्णांच्या समोर उभा राहून, ओठ नीट हलवत समजावलं, की गल्लीकडे धूळ, सायकली, पोरं, साड्यांची पोती घेऊन जाणाऱ्या बाया. तुम्हाला आराम कसा मिळेल? दार घराकडेच बरं. शिवाय मी पत्र्याला आतून थर्माकोल लावणार आहे, म्हणजे बाहेरचा आवाजही येणार नाही.

"थर्माकोल," अण्णा म्हणाले.

"हो. अगदी शांत."

ते बराच वेळ फाटकाकडे पाहत उभे होते. मग टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्यांचा शब्द मोडला, हे मला टोचतंय. पण त्यांच्या भल्यासाठीच मोडला.

१५ सप्टेंबर, सोमवार

चेतनभाईंना मापं लिहून हवी होती. स्वच्छ प्रत मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत केली. टेबलावर प्रोसेसची कार्डं होतीच, त्यावरच लिहिली. रकाने आयते मिळतात. वीस वर्षं रोज अशी पन्नास कार्डं भरतो, हात आपोआप चालतो. इथेही उतरवून ठेवतो: लांबी १०५॥, रुंदी ७९, उंची ९२॥.

संध्याकाळी कार्ड अण्णांना दाखवलं. निर्णय त्यांनाही कळायला हवा. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग अंगणाकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे. आणि हसले! कितीतरी महिन्यांनी. वरचे दोन दात नसलेलं ते हसू मी जवळजवळ विसरलो होतो.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"एकदम बरोबर शे. दी टाक. आजच दी टाक."

माझ्या शिक्षणावर त्यांचा केवढा विश्वास. अमळनेरला बी.एस्सी.ला होतो तेव्हा ते दोन पाळ्या करायचे. मी आत्ताच उधन्याला जाऊन कार्ड देऊन आलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अण्णांनी सकाळी सुवर्णाला काहीतरी खुणांनी सांगितलं. तिचे वडीलही लूमवरच होते, त्यामुळे मागांच्या खडखडाटात बोलायची ती हातवाऱ्यांची भाषा तिला येते. मला चार खुणांपलीकडे येत नाही. ती हातातलं पीठ तसंच ठेवून न्हाणीघरात गेली आणि दार लावून बराच वेळ हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. डोळ्यात पीठ गेलं."

२४ सप्टेंबर, बुधवार

अण्णांनी फाटकावरचा कारल्याचा वेल काढून टाकला. म्हणाले, वाळला होता. मला त्यावर चार कारली दिसली होती. रात्री त्यांचीच भाजी होती. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेलही घातलं. हात रिकामे असले की माणूस काहीतरी काढत बसतो. वाईट वाटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

खोली उद्या येणार. मिलमधून आलो तर अण्णांनी जमीन सपाट करून विटा मांडून ठेवल्या होत्या. पण चुकीच्या. लांब बाजू भिंतीपासून शेवग्याकडे जायला हवी, तर यांनी ती भिंतीला समांतर, घरापासून मागच्या कुंपणाकडे अशी मांडलेली. म्हणजे सगळंच काटकोनात फिरलेलं.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. एकेकाळी मागातला पाव इंचाचा फरक हात फिरवून ओळखायचे. उद्या ते पाहत नसताना हळूच विटा फिरवीन.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं सगळं लिहायलाच हवं, लाज वाटली तरी.

चेतनभाईंचा टेंपो दहाला आला. केशरी खोली गल्लीच्या तोंडाशी दिसताच पोरं धावत आली. समोरच्या मालतीबाई वानखडे, अकोल्याकडच्या, साड्यांना फॉल-पिको करतात, त्या गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आल्या. "काय बाप्पा, देऊळ आणलं का?" त्यांनी विचारलं. सहा माणसांनी खोली उचलून मागे आणली. मी विटा फिरवून ठेवल्याच होत्या.

खोली बसेना.

एक टोक भिंतीला लावलं तर दुसरं शेवग्यावर चढलं. शेवग्याकडून घेतलं तर भिंतीवर. माणसं घामाने निथळत होती. मी म्हणालो, "चेतनभाई, खोली मोठी झाली."

चेतनभाईंनी खिशातून कार्ड काढलं. "साहेब, माप तमारुं छे. मारुं नथी." अक्षर माझंच. एकशे साडेपाच. जागा शंभरची.

त्या क्षणी रकाना दिसला. वरती छापलेलं: घट धरून.

मिलमध्ये कोरं कापड रंगाला गेलं की आकसतं. तयार शंभर हवं असेल तर कोरं एकशे दहा सोडावं लागतं. तो वाढावा मी वीस वर्षं डोळे मिटून धरत आलो. आणि पत्र्यालाही धरला! जणू माझी खोली उकळत्या रंगात बुडून दहा टक्के आकसून येणार होती.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे, पूर्णपणे माझी. चेतनभाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा ते टेंपोच्या फाळक्याला धरून खाली बसले. "कपडुं समज्या!" एवढंच त्यांना बोलता येत होतं. मालतीबाई तोंडाला पदर लावून घरात पळाल्या आणि कोणालातरी घेऊन परत आल्या.

चेतनभाई हसणं आवरून म्हणाले, परत नेऊन कापू, पुन्हा जोडू, आठ-दहा दिवस लागतील. मी हो म्हणणार तेवढ्यात अण्णा पुढे आले. शांत. खिशातून खडू काढला.

"कापानं काम नई," ते म्हणाले. "फिराव त्याले."

आणि टेप न लावता चार कोपऱ्यांवर खुणा केल्या. खोली काटकोनात फिरवली. रुंदी एकोणऐंशी इंच, ती शंभरात आरामात बसली. अण्णांनी काल मांडलेल्या विटा पुन्हा त्यांच्या जागी ठेवल्या, तर खोली त्यांच्यावर अशी बसली, की चेतनभाई म्हणाले, "काका, तमे तो उस्ताद छो!" एवढ्या घाईगर्दीतही यांचं डोकं कसं चालतं! आणि काल चुकून मांडलेल्या विटा आज नेमक्या उपयोगी पडल्या, हा योगायोगच.

एक अडचण मात्र झाली. अशी फिरवल्यावर दार एकतर शेवग्याच्या बुंध्याकडे येतं, म्हणजे उघडतच नाही, किंवा गल्लीकडे. नाइलाज. दार आता बरोबर फाटकासमोर आहे. फाटक तेल घातल्यामुळे एका बोटाने उघडलं. घराकडून आत जायला भिंत आणि पत्रा यांच्यामधले एकवीस इंच उरलेत. मला आडवं होऊन, श्वास धरून जावं लागतं.

मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, मला माफ करा. तुमच्या निवांतपणाचं मी वाटोळं केलं."

"व्हस कधीमधी," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

मिलमध्ये कळलंय. चेतनभाई जाळी बसवायला आले होते. कँटीनमध्ये एकाने विचारलं, साहेब, डबा किती टक्के घट धरून आणला?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी फाफडा-जिलेबी आणली. परत येतो तर खोलीसमोर रांगोळी. अण्णांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी काढली होती. ती पेटी चाळीतून आली, तेव्हापासून मी उघडलेली पाहिली नव्हती. आत त्यांचे पाने, पेचकस, पक्कड, तेलाची लांब नळीची कुपी. आणि पितळी टोकांचा एक लाकडी धोटा. हाच मागावर इकडून तिकडे धावून आडवा धागा भरतो. खातं बंद झालं त्या दिवशी मालकाकडून मागून आणलेला.

फावडा, कुदळ, खुरपी एका बाजूला, जॉबरची हत्यारं दुसऱ्या बाजूला. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. लहानपणी दसऱ्याला अण्णांसोबत खात्यात जायचो, ते आठवलं. सगळे माग बंद, प्रत्येकाला हार, आणि तेवढ्या एका दिवशी तिथे माणसांचे आवाज ऐकू यायचे. मी धोट्याला नमस्कार केला तेव्हा अण्णांनी माझं डोकं हाताने आणखी खाली दाबलं. दहा वर्षांचा होतो तेव्हा दाबायचे तसंच.

थर्माकोलचे तक्ते मी आणूनच ठेवले होते. अण्णा म्हणाले, चांगले आहेत, आणि एक भिंतीला लावून त्यात सुया, स्क्रू, खिळे ओळीने टोचून ठेवले. उरलेले मयुरीला कॉलेजच्या प्रोजेक्टला दिले. आवाज अडवायला काही उरलं नाही.

संध्याकाळी मालतीबाई सोनं द्यायला फाटकातूनच आल्या. पेटी पाहिली आणि म्हणाल्या, "काका, माह्यी मशीन आठ दिवसांची अडून बसली. मेकॅनिक येतो येतो म्हणते, येत नाही. जरा पाहता का?"

मी म्हणणार होतो, सणाचा दिवस आहे, त्यांना आराम करू द्या. पण अण्णा उठून चपला घालत होते.

५ ऑक्टोबर, रविवार

मालतीबाईंची मशीन सुरू झाली. तिथून त्यांच्या जावेची इंटरलॉक आली. आज एक इस्त्री, दोन छत्र्या आणि एका पोराची सायकल. अण्णा पैसे घेत नाहीत, चहा घेतात. आज मोजले, सात कप. हे त्यांच्या पोटाला बरं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मला काळजी वाटते. खोलीसमोर सकाळपासून माणसं. उधन्याच्या खात्यातले त्यांचे दोन जुने साथीदार रिक्षा करून येतात. तिघेही बहिरे, तिघेही ओरडून बोलतात, आणि ओरडून कंटाळा आला की हातवाऱ्यांवर येतात. केशरी खोली म्हटलं की रिक्षावाले बरोबर आणून सोडतात म्हणे. बाया पिशव्या खाली ठेवून गप्पा मारतात. मालतीबाई गल्लीतून हाक देतात, "काका, उठले का?" आणि अण्णा आतून, "कवयच!" म्हणजे केव्हाच.

एवढ्या गोंगाटात त्यांना काय आराम? मी पुठ्ठ्यावर "दुपारी २ ते ४ विश्रांती" असं लिहून दारावर लावलं. तासाभराने पाहिलं तर पुठ्ठा सायकलीखाली, तेल टिपायला.

एक गोष्ट मात्र चांगली. रात्री अण्णांनी अडीच भाकरी खाल्ल्या, वर भरीत मागून घेतलं. ऑगस्टमध्ये एक भाकरी जड जायची. हवा बदलली त्याचा परिणाम असावा. शिवाय सुवर्णा शेवग्याचा पाला घालते वरणात.

१९ ऑक्टोबर, रविवार

तिकिटाला आठवडा राहिला. दिवाळीची साफसफाई करताना मी त्यांची पिशवी माळ्यावरून काढून झटकून ठेवली. ऐनवेळी त्यांची तारांबळ नको. सुवर्णाने पाहिलं आणि पिशवी परत माळ्यावर टाकली.

"अहो, तुम्ही त्यांना पाठवायला निघालात का?"

"मी नाही, ते निघालेत. त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना ठेवून घेणं योग्य नाही."

"त्यांचं मन तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. ऑगस्टमध्ये."

"तुम्ही एकदा तोंडाने म्हणून तर बघा, राहा म्हणून."

मी म्हणालो, मी म्हटलं तर ते माझ्यासाठी राहतील. तो दबाव होईल. सुवर्णाने कपाळावर हात मारला. "मुलाने बापाला राहा म्हटलं तर दबाव! तुमच्या कार्डावर प्रेमाचा रकाना नाही का?"

ती करंज्यांचं सारण हलवत राहिली. मी विचार करत राहिलो, आणि हे लिहिताना मला खरं कारण दिसतंय. मी राहा म्हणेन आणि ते नाही म्हणतील, याची मला भीती वाटते. बाकी सगळा युक्तिवाद नंतरचा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. बहीण लीला नवापूरहून आली. अण्णांची केशरी खोली पाहून म्हणाली, "दादा, तुझ्यामुळे झालं हे." मी तिला घट धरल्याची सगळी गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही. ती ऐकताना अण्णांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. दोघं हसत होते. हसोत. लायक आहे मी.

गावी जाण्याबद्दल अण्णा काही बोलले नाहीत. बळीरामकाकांचा फोन आला, तर त्यांना म्हणाले, "देखू."

२५ ऑक्टोबर, शनिवार

तिकिटाची छापील प्रत मिलमध्ये काढून आणली. मोबाइल अण्णांना दाखवता येत नाही, वाटेत अडचण नको. ती हातात घेऊन एकवीस इंचांतून आडवा होत खोलीपर्यंत गेलो. आज बोलायचंच, असं ठरवून.

आत अण्णा एकटेच होते. मालतीबाईंची मशीन पुन्हा त्यांच्याकडे आली होती, पायंडल जड झालं म्हणून. ते जोरात चालवून बघत होते. पत्र्याच्या खोलीत तो आवाज एवढा घुमत होता, की मला माझाच श्वास ऐकू येईना. लहानपणी खात्यात उभा राहायचो तसं झालं. अण्णा डोळे अर्धे मिटून, एक हात मशीनवर ठेवून ऐकत होते. ऐकत होते म्हणजे हाताने.

मी थांबायला हवं होतं. पण थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या खडखडाटात म्हणालो, "अण्णा, जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

त्यांना ऐकू गेलं नसणारच. मला स्वतःला गेलं नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, पाय मात्र चालूच. डोळ्यांत पाणी दिसलं. मशीनच्या तेलाचा वास फार उग्र होता. मग पुन्हा खाली पाहून चालवू लागले. मी तिकीट टेबलावर ठेवलं आणि आडवा होऊन परत आलो.

निदान म्हणून तरी झालं. पण न ऐकलेलं बोलणं बोलल्यात जमा धरावं का? उद्या गाडीच्या आधी, शांत वेळ पाहून पुन्हा म्हणेन.

२६ ऑक्टोबर, रविवार

लाभपाचम. दिवाळीत बंद झालेलं सगळं सुरत आज उघडतं. सकाळी गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला तोरण.

गाडी दुपारी एकची. मी नऊला आंघोळ करून तयार. रिक्षाही सांगून ठेवली. अण्णा कुठेत म्हणून मागे गेलो तर केशरी खोलीच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि अण्णा नव्या टोपीत मशीनसमोर. मालतीबाई, दोन्ही साथीदार आणि पेढ्यांचा पुडा बाहेर हजर.

"अण्णा, गाडी," मी म्हणालो. ओठ नीट हलवले.

"आज लाभपाचम शे," ते म्हणाले. "आजना दिन खातं बंद ठेवतस का कोनी?"

"आणि उद्या?"

"आते टाइम कोठे शे? मालतीबाईनी मशीन शे, तिनी जाऊनी शे. सायकली शेत." ते थोडे थांबले. "आनि तू सांगं ना काल."

मी काय सांगितलं होतं हे विचारायच्या आत त्यांनी पाय मारला आणि मशीन धावू लागली. आता ती जराही डुगडुगत नव्हती. काल डुगडुगत होती. मी खाली वाकून पाहिलं. पुढच्या पायाखाली चार घड्या घालून एक कागद बसवला होता. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर "अमळनेर" एवढं वाचता येत होतं.

"अण्णा, हे तिकीट!"

"कागद जाड शे," अण्णा ओरडून म्हणाले. "बराबर बठना."

मालतीबाईंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला, म्हणून मी काही बोलू शकलो नाही. एकवीस इंचांच्या फटीत सुवर्णा आणि मयुरी एकीमागे एक अडकून उभ्या होत्या, दोघीही हसत आणि रडत.

रिक्षावाल्याला पेढा देऊन परत पाठवलं. आता राहून राहून एक टोचतंय. तिकीट वेळेत रद्द करायला हवं होतं. खिडकीची जागा होती. वेटिंगवरच्या एखाद्याला मिळाली असती. अमळनेरपर्यंत ती जागा रिकामी गेली असेल, माझ्यामुळे.

संध्याकाळी अण्णांनी मला बोलावलं. बाहेर लोक उभे राहतात, त्यांना बसायला गल्लीच्या बाजूला एक बाकडं करायचं आहे. मी म्हणालो, करू की, पण या वेळी माप तुम्हीच घ्या. त्यांनी जोरात मान हलवली.

"माप तूच ल्हे. तुना कार्डवर लिख. जशे तू लिखस तशेच लिख."

आतून सुवर्णाच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

एवढी चूक होऊनही माझ्या मापावर हा माणूस विश्वास ठेवतो. भरून आलं. उद्या मिलमधून कोरं कार्ड आणीन. बाकडं चार माणसांचं म्हणालेत. या वेळी घट मुळीच धरायची नाही, असं इथे लिहून ठेवतो.